निर्वासितांची ओळखपत्रे, बँक खाते आणि मोबाइल जोडणी : स्वातंत्र्योत्तर भारतातील एक ऐतिहासिक आढावा

१. प्रस्तावना

निर्वासितांचा इतिहास शिकताना आपण सहसा तीन गोष्टी पाहतो : लोक घर सोडून का आले, छावण्यांत कसे राहिले आणि त्यांचे पुनर्वसन कसे झाले. प्रस्तुत पाठात आपण चौथी गोष्ट पाहणार आहोत. ती म्हणजे निर्वासिताच्या हातात असलेला कागद आणि त्या कागदाला बँकेत व मोबाइलच्या दुकानात मिळणारी किंमत.

हा विषय वरवर किरकोळ वाटू शकतो. पण आज मजुरी खात्यात जमा होते, खाते मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असते, आणि मोबाइल क्रमांक घ्यायला ओळखपत्र लागते. या साखळीतील पहिली कडी निसटली की पुढच्या सगळ्या निसटतात. निर्वासितांची अडचण सांगताना 'त्यांच्याकडे कागदपत्रे नसतात' असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. भारतातील बहुसंख्य नोंदणीकृत निर्वासितांकडे कोणता ना कोणता कागद होता आणि आहे. प्रश्न असा आहे की तो कागद ज्या कार्यालयाने दिला त्याच्या बाहेर कोण मानतो. या प्रश्नाचे उत्तर १९४७ पासून आजपर्यंत कसे बदलत गेले, हे या पाठाचे मुख्य सूत्र आहे.

२. ओळख आणि दर्जा : दोन वेगळे प्रश्न

कोणतेही ओळखपत्र दोन प्रश्नांची उत्तरे देऊ शकते. पहिला प्रश्न : ही व्यक्ती कोण आहे? दुसरा प्रश्न : या व्यक्तीचा येथे राहण्याचा दर्जा काय आहे? नागरिकाच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे एकाच कागदात मिसळून जातात आणि आपल्याला फरक जाणवत नाही. निर्वासिताच्या बाबतीत मात्र तो जाणवतो, कारण ज्या राज्याने त्याची ओळख प्रमाणित करायची, त्याच राज्यापासून तो पळालेला असतो.

पहिल्या महायुद्धानंतर हा पेच जगासमोर मोठ्या प्रमाणावर आला. रशियातून बाहेर पडलेल्या लाखो लोकांकडे वैध पासपोर्ट उरला नव्हता. राष्ट्रसंघाचे निर्वासितविषयक उच्चायुक्त फ्रिटजॉफ नान्सेन यांच्या पुढाकाराने १९२२ मध्ये अशा लोकांसाठी एक प्रमाणपत्र सुरू झाले. तेच पुढे 'नान्सेन पासपोर्ट' म्हणून ओळखले गेले. त्या प्रमाणपत्राने नागरिकत्व मिळत नव्हते. ते फक्त 'ही व्यक्ती कोण आहे' एवढेच सांगत होते, आणि पन्नासहून अधिक देशांनी ते मान्य केले. येथे लक्षात घ्यायचे ते हे की त्या प्रमाणपत्राचे बळ इतर देशांनी ते मानायचे ठरवले यात होते.

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात हाच विचार कलमांच्या रूपाने आला. कलम २७ नुसार वैध प्रवासपत्र नसलेल्या निर्वासिताला ओळखपत्र देण्याची जबाबदारी आश्रय देणाऱ्या देशावर आहे. कलम २५ आणखी पुढे जाते. एखादे काम करायला परदेशी अधिकाऱ्याचा दाखला लागत असेल आणि निर्वासित त्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकत नसेल, तर आश्रय देणाऱ्या देशाने त्या मदतीची सोय करावी, असे ते कलम सांगते. भारताने या करारावर किंवा १९६७ च्या पूरक मसुद्यावर सही केलेली नाही. त्यामुळे ही जबाबदारी भारतात कायद्याने कोणावरही नेमून दिलेली नाही.

३. फाळणी : साक्षीवर उभी असलेली ओळख

१९४७ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या लोकांकडे आजच्या अर्थाने ओळखपत्र नव्हते. तरीही काही वर्षांत त्यांच्यापैकी लाखोंना जमिनी, घरे, भरपाई आणि कर्ज मिळाले. हे कसे शक्य झाले?

पहिले कारण म्हणजे या लोकांचा दर्जा वादग्रस्त नव्हता. राज्यघटनेच्या कलम ६ ने १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना, काही अटींसह, थेट नागरिक मानले. त्यानंतर आलेल्यांसाठी नोंदणीची वाट ठेवली. दुसरे कारण म्हणजे ओळख पटवण्याची पद्धत. पूर्व पंजाबमध्ये जमिनीचे दावे तपासताना एकाच गावातून आलेल्या लोकांना एकत्र बसवून, उघड सभेत, कोणाची किती जमीन होती हे विचारले जाई. नंतर पश्चिम पंजाबकडून मिळालेल्या जमाबंदीच्या नोंदींशी ते ताडून पाहिले जाई. कागद नंतर आला. आधी आली ती शेजाऱ्याची साक्ष.

बँकिंगमध्येही असेच घडले. लाहोरला स्थापन झालेल्या पंजाब नॅशनल बँकेने १९४७ मध्ये आपले मुख्य कार्यालय दिल्लीला हलवले. पश्चिम पाकिस्तानातील ९२ शाखा तिला बंद कराव्या लागल्या. एकूण ठेवींपैकी सुमारे ४० टक्के ठेवी त्या शाखांत होत्या. इकडे आलेल्या ठेवीदारांनी जो काही तुटपुंजा पुरावा दाखवला, त्याच्या आधारे बँकेने त्यांचे दावे मान्य केले. शासनाने १९४८ मध्ये विस्थापितांना व्यवसायासाठी कर्ज देणारे पुनर्वसन वित्त प्रशासन उभारले. १९५० आणि १९५४ च्या कायद्यांनी दावे व भरपाईची चौकट घालून दिली.

महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण कल्याणजवळचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांना जागा देण्यात आली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. एका छावणीचे काही वर्षांत व्यापारी शहर झाले. सिंधी समाजाच्या उद्यमशीलतेला याचे श्रेय दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या उद्यमशीलतेच्या वाटेत ओळखपत्राची भिंत नव्हती, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवायला हवे.

४. परकीय म्हणून नोंद : तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग सुमारे ८० हजार तिबेटी आले. येथे चित्र बदलले. हे लोक भारताचे नागरिक ठरत नव्हते. त्यांना लागू झाले ते ब्रिटिश काळातले कायदे : १९३९ चा परकीय नोंदणी कायदा आणि १९४६ चा परकीय कायदा. या कायद्यांत 'निर्वासित' हा शब्दच नव्हता. जो नागरिक नाही तो परकीय. पर्यटक, व्यापारी आणि निर्वासित हे तिघेही एकाच व्याख्येत बसवले गेले.

तिबेटी निर्वासितांना नोंदणी प्रमाणपत्र देण्यात आले. हे प्रमाणपत्र पूर्वी ठरावीक काळाने, बहुधा दरवर्षी, नूतनीकरण करून घ्यावे लागे. पुढे दीर्घकाळ राहिलेल्यांसाठी ही मुदत वाढवण्यात आली. परदेश प्रवासासाठी वेगळे ओळख प्रमाणपत्र दिले जाते. याखेरीज निर्वासित तिबेटी प्रशासन आपल्या लोकांना 'हिरवे पुस्तक' देते, पण तो भारत सरकारचा कागद नाही. म्हणजे एका तिबेटी व्यक्तीकडे तीन कागद असू शकतात, आणि तिन्हींचा उपयोग वेगवेगळ्या दारांपुरता असतो.

कर्नाटकातील बैलकुप्पे आणि मुंडगोड, छत्तीसगडमधील मैनपाट, ओडिशातील चंद्रगिरी अशा वसाहती वसल्या. महाराष्ट्रात १९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा, म्हणजे आताच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव येथे नोर्गेलिंग ही वसाहत सुरू झाली. शेतीच्या जोडीला हिवाळ्यात शहरोशहरी लोकरीचे कपडे विकणे हा अनेक तिबेटी कुटुंबांचा उत्पन्नाचा आधार ठरला. आपल्याकडील बहुतेक मोठ्या शहरांत 'तिबेटी स्वेटर मार्केट' माहीत असते. माल उधारीवर उचलायचा, हंगामात विकायचा आणि पैसे फेडायचे, असा हा व्यापार. त्याला कर्ज, खाते आणि फोन या तिन्हींची गरज पडते.

१९८३ पासून श्रीलंकेतील तमिळ निर्वासित समुद्रमार्गे तमिळनाडूत येऊ लागले. मंडपम येथे त्यांची प्रथम नोंद होई आणि नंतर त्यांना राज्यभरातील छावण्यांत पाठवले जाई. छावणीतील कुटुंबांना राज्य शासनाकडून ओळखपत्र, दरमहा रोख मदत आणि सवलतीचा शिधा मिळू लागला. छावणीतील हजेरी हा या व्यवस्थेचा नियमित भाग होता. कागद आणि नियंत्रण हे येथे एकाच हाताने दिले गेले. २०२१ मध्ये तमिळनाडू शासनाने या छावण्यांना 'पुनर्वसन छावणी' अशा अर्थाचे नाव दिले.

५. तिसरा गट : उच्चायुक्तालयाचे कार्ड

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने, म्हणजे यूएनएचसीआरने, १९८१ पासून दिल्लीत कार्यालय चालवले आहे. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया अशा देशांतून आलेल्यांची नोंद तेथे होते आणि त्यांना निर्वासित कार्ड मिळते. या कार्डात छायाचित्र, नाव, जन्मतारीख असे सर्व असते. ओळखीच्या प्रश्नाचे उत्तर ते पुरेसे देते. पण ते भारत सरकारने दिलेले नसल्याने दर्जाच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

ही दरी काही अंशी बुजवण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ डिसेंबर २०११ रोजी एक कार्यपद्धती ठरवून दिली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व अशा कारणांनी छळाची भीती असल्याचे प्रथमदर्शनी दिसल्यास परकीय व्यक्तीला दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येईल, असे त्यात म्हटले आहे. असा व्हिसा मिळाला की खासगी नोकरी आणि शिक्षणाची वाट उघडते. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातील अल्पसंख्याक समाजांच्या, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या लोकांसाठी बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना आणि राहण्यापुरते घर खरेदी करण्याची मुभा मंजूर केली. म्हणजे शासनाला ही अडचण ठाऊक होती आणि ती आदेशाने सुटू शकते हेही ठाऊक होते. फक्त ती सर्व निर्वासितांसाठी एकसारखी सुटली नाही.

६. बँक : परिचयापासून यादीपर्यंत

जुन्या पिढीला बँक खाते उघडण्याचा फॉर्म आठवत असेल. त्यात 'परिचय देणाऱ्याची सही' अशी एक जागा असे. त्याच बँकेतील एखादा खातेदार सही करून सांगे की या माणसाला मी ओळखतो. ही पद्धत निर्दोष नव्हती. ज्याची कोणाशी ओळख नाही, त्या गरिबाला ती बाहेरच ठेवत असे. पण वसाहतीत दहा वर्षे राहिलेल्या निर्वासिताला परिचय देणारा दुकानदार किंवा शिक्षक मिळू शकत होता.

रिझर्व्ह बँकेने २००२ मध्ये 'आपला ग्राहक ओळखा', म्हणजे केवायसीविषयी सूचना काढल्या. काळा पैसा वैध करण्यास प्रतिबंध करणारा २००२ चा कायदा १ जुलै २००५ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत पासपोर्ट, वाहन परवाना, पॅन, मतदार ओळखपत्र ही नावे देऊन शेवटी 'किंवा बँकेला आवश्यक वाटेल असा अन्य दस्तऐवज' अशी मोकळीक होती. २०१३ मध्ये हे शेपूट बदलले. त्याजागी 'केंद्र सरकारने अधिसूचित केलेला अन्य दस्तऐवज' असे शब्द आले. वाक्यातला हा छोटा बदल आपल्या विषयात फार मोठा आहे. तोपर्यंत शाखा व्यवस्थापक नोंदणी प्रमाणपत्र हातात घेऊन स्वतः निर्णय घेऊ शकत होता. आता यादी बंद झाली. त्याआधीच, २०१२ मध्ये, परिचयाच्या सहीचा आग्रह धरू नये असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. गरीब नागरिकासाठी ती सुटका होती. निर्वासितासाठी मात्र साक्षीची जुनी वाट संपली आणि कागदाची नवी वाट त्याच्यासाठी आखलेली नव्हती.

आजच्या यादीत पासपोर्ट, वाहन परवाना, आधार असल्याचा पुरावा, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र आहे. तिबेटी नोंदणी प्रमाणपत्र किंवा यूएनएचसीआरचे कार्ड त्यात नाही. परकीय व्यक्तीच्या दस्तऐवजात पत्ता नसेल, तर तिच्या देशाच्या शासकीय खात्याचा कागद आणि भारतातील दूतावासाचे पत्र चालते. पर्यटकाला किंवा परदेशी विद्यार्थ्याला ही तरतूद सोयीची आहे. निर्वासिताला मात्र ती सांगते की ज्या सरकारपासून पळून आलास, त्याच्याच दारात जाऊन पत्र आण. १९५१ च्या कराराच्या कलम २५ मध्ये नेमकी हीच अडचण ओळखली होती.

२०१० पासून 'लघु खाते' ही सवलत उपलब्ध आहे. अधिकृत दस्तऐवज नसलेल्या व्यक्तीला फोटो व सही किंवा अंगठा देऊन असे खाते उघडता येते. त्यात कोणत्याही वेळी ५० हजार रुपयांहून अधिक शिल्लक नको, वर्षात एक लाखाहून अधिक जमा नको आणि महिन्यात १० हजारांहून अधिक रक्कम काढायची नाही, अशा मर्यादा आहेत. खाते आधी बारा महिने चालते. अधिकृत दस्तऐवजासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास आणखी बारा महिने मिळतात. ओळख पूर्ण पटल्याशिवाय परदेशातून आलेले पैसे त्यात जमा होत नाहीत. ही रचना करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उद्या कागद मिळवू शकणारा गरीब नागरिक होता. ज्याला असा कागद मिळण्याची सोयच नाही, आणि ज्याचे नातेवाईक परदेशातून पैसे पाठवतात, त्याच्या दोन्ही गरजांपाशी ही सवलत थांबते.

७. मोबाइल : दुसऱ्याच्या नावाचा क्रमांक

भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला ती श्रीमंतांची गोष्ट होती. पुढील दशकात प्रीपेड कार्डांमुळे ती सर्वदूर पोहोचली. दहशतवादी हल्ल्यांच्या तपासात खोट्या नावाने घेतलेल्या सिम कार्डांचा मुद्दा पुढे आला आणि ग्राहक पडताळणी कडक होत गेली. परकीय ग्राहकासाठी पासपोर्ट व वैध व्हिसा हा आधार धरला गेला. सिमची मुदतही व्हिसाच्या मुदतीशी बांधली गेली. मार्च २०१७ मध्ये दूरसंचार विभागाने सर्व क्रमांक आधारने पडताळण्याचा आदेश काढला.

व्हिसा नसलेल्या निर्वासिताने यावर जो उपाय शोधला, तो सर्वांना माहीत आहे : घरमालकाच्या, मुकादमाच्या किंवा ओळखीच्या दुकानदाराच्या नावावरचे सिम वापरणे. समजा, एक मजूर असा क्रमांक वापरतो. त्याच्या मजुरीचा निरोप, मुलीच्या शाळेचा निरोप, दवाखान्याची वेळ, सारे त्या क्रमांकावर येते. एक दिवस त्या दुकानदाराने क्रमांक बंद केला किंवा त्याच्याशी भांडण झाले, तर या मजुराला तक्रार करण्याचाही अधिकार उरत नाही, कारण कागदोपत्री तो क्रमांक त्याचा कधी नव्हताच. शिवाय २०२३ च्या दूरसंचार कायद्याने फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम मिळवणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला आहे. गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी केलेला नियम, वैध वाट नसल्यामुळे, साध्या माणसाला संशयाच्या कडेवर नेऊन ठेवतो.

२०१६ नंतर यूपीआयमुळे बँक आणि मोबाइल हे दोन प्रश्न एक झाले. खात्याशी जोडलेला स्वतःचा क्रमांक नसेल तर ओटीपी नाही, आणि ओटीपी नसेल तर व्यवहार नाही. स्वेटर विकणाऱ्याच्या टपरीवर ग्राहक आज आधी क्यूआर कोड शोधतो.

८. आधार : उघडलेले दार आणि उंबरठा

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक देण्यात आले. या योजनेचा पाया नागरिकत्व नसून रहिवास होता. २०१६ च्या आधार कायद्यानुसार अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिलेली व्यक्ती रहिवासी ठरते. कलम ९ स्पष्ट सांगते की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. म्हणजे ओळख आणि दर्जा हे दोन प्रश्न भारतीय कायद्यात प्रथमच इतक्या स्वच्छपणे वेगळे झाले. अनेक तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ रहिवाशांना आधार मिळाला, त्यातून त्यांची बँक व मोबाइलची वाट सुकर झाली.

पण दार उघडे असले तरी उंबरठा होताच. नोंदणीसाठी पुन्हा मान्य कागदांची यादी लागली आणि परकीय रहिवाशांच्या बाबतीत ती पासपोर्ट, व्हिसा यांच्याकडे वळली. २०२४ च्या सुधारित नियमांनी परकीय रहिवाशांसाठी वेगळे अर्ज आणले व आधारची मुदत सामान्यतः व्हिसाच्या मुदतीशी जोडली. केवळ यूएनएचसीआरचे कार्ड असलेला निर्वासित या उंबरठ्याबाहेर राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खाते व मोबाइलसाठी आधारची सक्ती रद्द केली. त्या निकालाने सक्ती गेली. पर्यायी कागदांची यादी मात्र तेवढीच राहिली.

९. राज्याची बाजू

या चर्चेत राज्याचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. बनावट खाती व सिम यांचा गैरवापर ही खरी समस्या आहे. ओळख न पटलेल्या व्यक्तीला खाते देणे बँकेलाही धोक्याचे असते. पण येथे एक प्रश्न विचारावा लागतो. खरी ओळख असलेला निर्वासित स्वतःच्या नावाने खाते व क्रमांक वापरतो तेव्हा राज्याला तो अधिक स्पष्ट दिसतो, की दुसऱ्याच्या नावाआड राहतो तेव्हा? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितले की घटनेच्या कलम २१ चे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे. जगण्याच्या हक्कात आज खाते आणि फोन कितपत येतात, हा त्या निकालाच्या पुढचा प्रश्न आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ व १९४६ च्या कायद्यांची जागा नव्या इमिग्रेशन व परकीय कायद्याने घेतली. त्याअंतर्गत काढलेल्या आदेशात नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ व तिबेटी यांना काही सूट आहे. परंतु निर्वासितांची स्वतंत्र व्याख्या या कायद्यातही नाही.

१०. समारोप

या आढाव्यातून तीन टप्पे दिसतात. फाळणीनंतर दर्जा निश्चित होता आणि ओळख साक्षीने पटत होती, म्हणून कागद नसतानाही व्यवहार झाले. १९५९ नंतर कागद मिळाले, पण ते नियंत्रणासाठी होते आणि त्यांची किंमत स्थानिक अधिकाऱ्याच्या व बँकेच्या विवेकावर ठरत होती. २००२ नंतर तो विवेक हळूहळू संपून यादी आली, आणि यादीत नसलेला खरा कागदही निरुपयोगी ठरला. याचा अर्थ असा की निर्वासितांचे बँक व मोबाइलपासून वंचित राहणे हे कागदांच्या अभावापेक्षा मान्यतेच्या अभावातून घडले आहे. युगांडासारख्या देशाने २०१९ मध्ये निर्वासितांना शासकीय दाखल्यावर सिम देण्याची मुभा दिली. भारतातही २०१६ च्या निर्णयाने एका गटापुरते हे करून दाखवले आहे. यादीत एका ओळीची भर घालणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ती ओळ कोणासाठी आणि कोणत्या निकषावर घालायची, हा निर्णय मात्र राजकीय आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तो तसाच ओळखला पाहिजे.

स्वाध्याय

१. 'ओळख' आणि 'दर्जा' यांतील फरक नान्सेन पासपोर्ट व आधार या दोन उदाहरणांच्या साहाय्याने स्पष्ट करा.
२. फाळणीनंतरच्या निर्वासितांना ओळखपत्राशिवाय आर्थिक व्यवहार कशामुळे शक्य झाले?
३. केवायसीच्या नियमांत २०१३ मध्ये झालेल्या बदलाचा निर्वासितांवर झालेला परिणाम लिहा.
४. लघु खात्याच्या अटी निर्वासितांच्या गरजा कितपत पूर्ण करतात, याची चर्चा करा.
५. आपल्या परिसरातील एखाद्या निर्वासित किंवा विस्थापित वसाहतीला भेट द्या. तेथील ज्येष्ठांना पहिले रेशन कार्ड, पहिले बँक खाते आणि पहिला फोन कोणत्या कागदावर मिळाला, हे त्यांच्या संमतीने विचारून मौखिक इतिहासाची टिपणे तयार करा.